घट्टा

पोराला तळहातावरच्या फोडासारखं जपलं, असं आपण म्हणतो. घट्ट्यासारखं जपलं, असं कुणी म्हणत नाही. घट्ट्याला कोण जपणार? तोच हाताला जपत असतो.

फोड येतो तो घासून आणि घट्टा पडतो तोही घासूनच. फरक सवडीचा. नवख्याच्या हातात पहिल्याच दिवशी दिवसभर कुदळ दिली, की कातडीचे थर एकमेकांवरून सरकतात, मधे पाणी भरतं, फोड येतो. तेच काम बेताबेतानं वाढत गेलं, तर कातडी खालून नव्या पेशी भराभर वर पाठवते आणि थरावर थर चढतो.

माझे वडील सुतार. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. उजव्या हातावर, अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात रंध्याचा एक घट्टा. चार बोटांच्या मुळाशी रांगेनं चार, जुन्या खोबऱ्याच्या रंगाचे. लहानपणी तापात ते कपाळावरून हात फिरवायचे, तेव्हा तो हात खरखरायचा. मला ती खरखर हवी असायची.

फळी रंधून झाली की अण्णा ती डोळ्यांनी तपासत नसत. तळहात फिरवत. मधेच थांबून म्हणत, “इथं उठाव आहे.” मी माझं कोवळं बोट त्याच जागेवरून दहादा फिरवायचो. मला काही लागायचं नाही. ते रंधा एकदाच हलका मारत, कांद्याच्या पातीसारखा छिलका निघे, पुन्हा तळहात फिरे आणि मान हले. घट्ट्यांनी भरलेला तो हात माझ्या मऊ हाताहून जास्त जाणायचा.

म्हणून, मनाला घट्टे पडले म्हणजे माया आटली, हे बोलणं मला पटत नाही. घट्ट्यावर तो अन्याय आहे. २०१९ साली ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकात एक अभ्यास आला. केनियातल्या आणि अमेरिकेतल्या माणसांचे तळवे त्यात तपासले होते. अनवाणी चालणाऱ्यांचे घट्टे जाड निघाले, पण त्या तळव्यांची जाणीव तसूभरही उणी नव्हती. कडक घट्टा जमिनीचा ठोका आत पोचू देतो. तो ठोका गिळते ती बुटातली गुबगुबीत गादी.

तळव्याची जाड कातडी हा चालण्याचा दंडही नव्हे. डार्विननं १८७१ साली छापलेल्या माणसाच्या उत्पत्तीवरच्या पुस्तकात नोंद केली आहे, की जन्माच्या कितीतरी आधी, गर्भातच बाळाच्या तळव्याची कातडी इतर अंगापेक्षा जाड असते. जमिनीला पाय लागण्याआधी जमिनीची तयारी झालेली असते. पुढे पापणीवरची वरची कातडी ०.०५ मिलिमीटर राहते आणि तळव्यावरची १.५ मिलिमीटरपर्यंत जाते. एकाच अंगावर तीस पटींचा फरक.

वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. नख ज्याचं, केस ज्याचे, त्याच केराटिनचा. साधारण चार आठवड्यांत खालची पेशी वर येते, मरते, झडते. दाब पडला की खालून येणं वाढतं, वरून झडणं रेंगाळतं. घट्टा एवढाच.

आणि दाब सुटला की तोही सुटतो. गुडघ्यांमुळे अण्णांचं काम बंद झालं. सहा-आठ महिन्यांत तळहात मऊ पडले. एकदा ओसरीवर बसून ते दोन्ही हात उलटसुलट करून बघत होते. “कारकुनाचे हात झाले,” म्हणाले. पगार, पेन्शन, सत्कार यांतलं काही त्यांना नव्हतं. जन्मभराच्या कामाची हातावर एक नोंद होती, तीही पुसली गेली होती.

म्हणून प्रत्येक घट्टा काढायचाच, असं नाही. सतारवाल्याच्या डाव्या हाताच्या बोटांवरचा घट्टा काढला तर तार बोटात रुतेल. ऊसतोड करणाऱ्या बाईच्या हातावरचा काढला तर उद्या कोयता धरताना फोड येईल. जो दुखत नाही, तडकत नाही, कामात आडवा येत नाही, त्याला राहू द्यावं.

पायाचं मात्र वेगळं. पाय स्वतःच्या दाबाबद्दल काही ठरवू शकत नाही. चप्पल आपण निवडतो, सोसतो तो. पुढून निमुळता बूट करंगळीला दाबतो, टाचेखाली उंची आली की बराचसा भार चवड्यावर येतो. मांडी घालून बसणाऱ्याच्या घोट्यावर जमीन दाबते. दाब पसरट असला तर घट्टा पसरट पडतो. एकाच ठिकाणी टोचत राहिला तर तो आत खिळ्यासारखा उतरतो; त्याला कुठे कुरूप म्हणतात, कुठे भोवरी. सुश्रुतसंहितेत त्याला ‘कदर’ म्हटलं आहे आणि वर्णन खिळ्याचंच आहे. उपाय सांगितला आहे तो कापून काढून तापल्या तेलानं डागण्याचा. तो वाचताना अजूनही पाय आखडतो. चामखीळही तळव्यावर येते आणि कुरपासारखी दिसते, पण ती विषाणूची. कुरूप वरून दाबलं की कळ येते, चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की. ठशासारख्या रेषा कुरपावरून जातात, चामखिळीपाशी तुटतात.

तळवे आणि तळहात यांना घाम येतो, पण तेलाच्या ग्रंथी तिथे नसतातच. बाकीच्या अंगाला जे तेल आतून मिळतं ते इथे बाहेरून द्यावं लागतं. आमच्या आजीला ग्रंथी ठाऊक नव्हत्या. न्हाणीच्या कोपऱ्यात तिची वजरी असे. अंघोळीच्या शेवटी, पाय चांगले भिजल्यावर, ती टाच हलकेच घासायची, आणि रात्री मुठेल लावायची. कोकमाच्या बियांचं ते तेल थंडीत दगडासारखं घट्ट होतं. कोकणात मुठेल, गोव्यात भिरंडेल. समईच्या ज्योतीवर पळीत वितळवून ती भेगांत सोडायची आणि डोळे मिटून घ्यायची. वजरीची घाई तिला चालत नसे. “सोलायचं नाही गं, पुसायचं,” असं ती माझ्या बहिणीला सांगायची.

ही रीत आजही चुकीची नाही. कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं. मग ओल्यावरच वजरी किंवा खरखरीत दगड, एकाच दिशेनं, थोडा वेळ. गुलाबी दिसू लागण्याच्या आधी थांबायचं. आज राहिलं ते परवा. लगेच मलम, साधं किंवा युरिया असलेलं, कारण युरिया पाणी धरून ठेवतं आणि कडक थर सैल करतं. सॅलिसिलिक आम्लाची पट्टी कुरूप झिजवते, पण तिला घट्टा आणि चांगली कातडी यांतला भेद कळत नाही. ती नेमकी बेतून, फक्त कुरपावर लावायची. आणि हे सगळं करून जुनीच चप्पल पायात घातली, तर महिन्याभरात कुरूप होतं तिथे हजर.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. अण्णांना मधुमेह होता. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याला, जाड घट्टा झाला होता. जन्मभर पटाश्यांना धार लावलेला माणूस. स्वतःच्या हातावर भरवसा दांडगा. एका सकाळी नवं ब्लेड घेऊन बसले. मी चहा घेऊन गेलो तर पायाखालच्या वर्तमानपत्रावर लाल डाग पसरत होता.

“अण्णा, रक्त येतंय.”

“कुठंय?”

फळीवरचा केसाएवढा उठाव ओळखणारा माणूस स्वतःच्या पायात गेलेलं ब्लेड ओळखू शकला नाही. जाणीव घट्ट्यानं नेली नव्हती. ती साखरेनं नेली होती, आतल्या नसांतून, वर्षानुवर्षं, आवाज न करता.

जखम भरायला अडीच महिने लागले. नंतर डॉक्टरांनी उरलेला घट्टा तासला, पातळ, एकेक पापुद्रा. अण्णा मान वळवून बघत राहिले. “हात चांगला आहे,” एवढंच म्हणाले. डॉक्टर म्हणाले, “काका, काढला तरी तो परत येणार. दाब कुठं पडतो ते आधी बघू.” त्यांनी चप्पल उलटी केली, आतून बोट फिरवलं. अंगठ्याच्या मुळाशी खड्डा पडला होता. कितीतरी वर्षं ती चप्पल दाराशी होती आणि घरातल्या कुणीही तिच्यात हात घालून बघितलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

बधिर पायाखाली घट्टा खड्यासारखं काम करतो. तो तासला की त्या जागेवरचा दाब साधारण पाव हिश्श्यानं उतरतो, असं मोजमाप झालेलं आहे. तासला नाही, तर त्याच्या आड जखम होते आणि वरून कातडी शाबूत दिसते. घट्ट्यात काळसर डाग दिसला तर ते आत साकळलेलं रक्त असतं. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या पायांवर काम करताना हेच ओळखलं होतं: जखमा रोगानं होत नव्हत्या, वेदना न कळल्यानं होत होत्या. बधिर पायांसाठी मऊ रबराच्या चपला त्या कामातून रुळल्या. नंतर अण्णांच्या पायात तशाच होत्या.

घरात मधुमेहाचं माणूस असेल तर ब्लेड आणि कुरपाची पट्टी त्याच्या हाती लागू देऊ नका. आज रात्री जेवणं झाल्यावर त्याचे पाय मांडीवर घ्या आणि तळवे उजेडात बघा. बोटांच्या बेचक्याही बघा. मग त्याच्या चपलेत हात घाला.