तठे काय शे देखाले?

पाहुणे आले की आम्ही त्यांना अजिंठा दाखवतो. खानदेशी माणसाची ही जुनी खोड. अजिंठा आमच्या हद्दीपलीकडे, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात. आमची फक्त वाट, जळगाव स्टेशनापासून फर्दापूरपर्यंत. लेण्यांखालून वाहणारी वाघूर पुढे आमच्याकडे उतरून तापीला मिळते, एवढाच काय तो आमचा हक्क. पाहुणे तृप्त होऊन परततात, रात्री वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी खातात आणि विचारतात, "आणखी काय बघण्यासारखं आहे इकडे?" घरातला कर्ता माणूस हमखास म्हणतो, "काही नाही हो, ऊन आणि केळी."

मी माहेरची धुळ्याची, दिली अमळनेरला. हायस्कुलात गणित शिकवलं, निवृत्त झाले आणि खानदेशातली ठिकाणं हिंडू लागले, बहुधा एसटीने. निघायच्या वेळी पर्समध्ये चष्मा शोधत असते तेव्हा सासूबाई, म्हणजे आमच्या माय, ओसरीवरून विचारतात, "तठे काय शे देखाले?" टोमणा नसतो त्यात. देव असला तर माझ्याजवळ नारळ द्यायचा असतो त्यांना. नसला तर ही बाई उन्हातान्हात कशाला निघाली ते समजून घ्यायचं असतं. मी काहीतरी थातुरमातुर सांगून सुटते. प्रश्न मात्र सोपा नाही. जिथे बघण्यासारखं काही उरलेलंच नाही, तिथे जाऊन माणूस दर्शन कशाचं घेतो?

चाळीसगावजवळच्या पाटणचंच घ्या. गौताळ्याच्या जंगलात डोंगराच्या पोटाशी पाटणादेवीचं, म्हणजे चंडिकेचं देऊळ आहे. देवी जागृत, नवरात्रात पाय ठेवायला जागा नसते. या पाटणला भाऊ दाजी लाडांना एकोणिसाव्या शतकात एक शिलालेख मिळाला, शके ११२८ चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्या मठाला दान दिलं. लेख संस्कृतात आहे, पण पैशाचा विषय निघाला तसा तो मराठीवर येतो: पाटणच्या पेठेत जो माल विकायला उघडेल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा हिस्सा मठाला दिला. स्तुती विद्वानांना कळली म्हणजे झालं, कर मात्र दुकानदाराला कळायला हवा. हा चोख व्यवहार मला फार आवडतो.

त्या मठाचं आज काही उरलेलं नाही. पेठेचंही नाही. सागाची झाडं आहेत आणि प्रसादावर डोळा ठेवून बसलेली माकडं.

शून्याने भागायचं नाही हे मी जन्मभर शिकवलं. फळ्यावर "अव्याख्येय" असं लिहायचं आणि मागच्या बाकावरून कोणी "का?" म्हणायच्या आत पुढचं उदाहरण घ्यायचं. भास्कराचार्य असे पळाले नाहीत. बीजगणितात ते शून्याने भागलेल्या राशीला खहर म्हणतात आणि सांगतात की तिच्यात कितीही मिळवा, तिच्यातून कितीही काढा, तिला फरक पडत नाही. प्रलयात सारे जीव अच्युतात शिरतात, सृष्टीच्या वेळी बाहेर पडतात, तरी तो जसाच्या तसा असतो, तसं. आजच्या गणितात हे बसत नाही. दोन्ही बाजूंना शून्याने गुणून बघा, सगळा डोलारा कोसळतो. मी त्याची वकिली करणार नाही. पण आकडेमोड चालू असताना त्या माणसाला देव आठवला तो नेमका छेदात शून्य आल्यावर, आणि त्याचं गणित जिथे शिकवलं जायचं ती जागाही आता तशीच रिकामी आहे, हे पाटणला उभं राहिलं की डोक्यातून जात नाही.

देवीच्या अलीकडे महादेवाचं जुनं हेमाडपंती देऊळ आहे. पुरातत्त्व खात्याचा निळा फलक, संरक्षित स्मारक, नासधूस केल्यास दंड. मी गेले त्या दिवशी तिथे पुजारी नव्हता, दानपेटी नव्हती, नारळाचं दुकान नव्हतं. देवीला जाणारे लोक जाताजाता फोटो काढून पुढे सरकत होते. मी खांबांवरचं कोरीव काम बघत बसले होते. एवढ्यात एक बाई आली, नऊवारी, हातात ओटीचं ताट; देवीलाच निघालेली. उंबऱ्यावर कोरलेला राक्षसी चेहरा असतो ना, झिजून झिजून नाकडोळे गेलेला, त्याच्यापुढे ती बसली. ताटातलं कुंकू चिमटीत घेतलं, कपाळ कुठे असेल याचा अंदाज घेऊन टेकवलं, पदर सावरून नमस्कार केला. मला राहवलं नाही. म्हटलं, "मावशी, इथे पूजा होत नाही आता. हे कोण म्हणून कुंकू लावलं?" ती म्हणाली, "कोनी तरी शेच ना." आणि देवीच्या वाटेला लागली.

तिचं उत्तर तत्त्वज्ञान मंदिराच्या वाचनालयात बसून मला सुचलं नसतं. आमच्या अमळनेरला प्रताप शेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढलं. साने गुरुजी आधी तिथे अभ्यासाला आले, मग १९२४ पासून प्रताप हायस्कुलात शिकवू लागले. इथेच मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांनी वेदान्तावर वाद घातला आणि १९३३ मध्ये "अज्ञान" या एकाच विषयावर एक अख्खं पुस्तक लिहिलं. तीन ज्ञानी माणसं आणि विषय अज्ञान; गावातल्या लोकांनी तेव्हा काय विनोद केले असतील कोण जाणे. अद्वैत मानणाऱ्याला माझ्या हिंडण्यावर साधा आक्षेप घेता येईल. ब्रह्म सगळीकडे आहे ना? मग पाटणला जास्त आणि अमळनेरच्या बसस्टँडवर कमी कसं असेल? एसटीचं तिकीट हाच भ्रम.

आक्षेप खोडून काढण्यासारखा नाही. आमच्याच मुलखात त्याचा चालताबोलता, किंवा न चालणारा, पुरावा होऊन गेला. चाळीसगावला रेल्वे स्टेशनजवळ केकी मूस राहायचे, मोठे छायाचित्रकार. जवळजवळ पन्नास वर्षं ते घराबाहेर पडले नाहीत असं सांगतात. १९८९ च्या ३१ डिसेंबरला त्याच घरात गेले. टेबलावर घरातल्याच वस्तू मांडून, उजेड जुळवून ते देखावे उभे करायचे आणि त्यांचे फोटो काढायचे. गावात त्यांच्या न येणाऱ्या प्रेयसीची गोष्ट रंगवून सांगतात. मला ती ऐकायला नको वाटते. एवढी चित्रं आणि छायाचित्रं मागे ठेवून गेलेल्या माणसाला आपण फक्त वाट बघायला बसवून ठेवतो. त्या घरात आता संग्रहालय आहे. ते बघून बाहेर आले तेव्हा वाटलं, हा माणूस अजिंठ्यालाही गेला नसता आणि त्याचं काही अडलं नसतं.

अडतं ते माझं. का, ते मला कोथळी-मेहूणला थोडं उमगलं.

मुक्ताबाईंच्या भावंडांच्या जागा महाराष्ट्राला पाठ आहेत: ज्ञानदेव आळंदीला, सोपानदेव सासवडला, निवृत्तिनाथ त्र्यंबकला. मुक्ताबाईंना समाधी नाही. शके १२१९ च्या वैशाखात तापीकाठी वीज कडाडली आणि त्या दिसेनाशा झाल्या, असं वारकरी परंपरा मानते. म्हणजे आळंदीला दगडाखाली कोणीतरी आहे या भावनेने डोकं टेकवता येतं; इथे ती सोय नाही. मेहूणला देऊळ आहे, कोथळीला देऊळ आहे, एदलाबादचं नाव मुक्ताईनगर झालं, ज्येष्ठात पालखी निघते ती बुलढाणा, जालना, बीड अशी मजल दरमजल करत पंढरपूरला पोचते. इतक्या लांबून येणाऱ्या पालख्या थोड्याच. आणि हा सारा पसारा, देवळं, गावाचं नाव, पायी चालणारी माणसं, ज्या जागेभोवती उभा आहे तिथे परंपरेच्याच म्हणण्याप्रमाणे कोणी नाही.

जवळच तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं देऊळ आहे. (पाटणचा चांगदेव वेगळा. वर्गात हा घोळ दर वर्षी व्हायचा.) हतनूर धरणामुळे आता संगमावर बारा महिने पाणी तुंबलेलं असतं, हिवाळ्यात पाखरं उतरतात, आणि काळ्या दगडाचं ते देऊळ त्या पाण्याकडे तोंड करून बसलेलं. चौदाशे वर्षं जगलेला हा योगी. ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसला आणि मायना काय घालावा ते ठरेना. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा तर ज्ञानाने मोठे. शेवटी कोरा कागद पाठवला. मुक्ताबाईंनी तो बघून त्याच्या कोरेपणाची थट्टा केली, आणि निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानदेवांनी त्या कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचं उत्तर दिलं. ज्या पत्रात काही लिहिलेलंच नाही त्याचं उत्तर द्यायला घेणं, हे मला त्या वाघावर बसण्यापेक्षा आणि भिंत चालवण्यापेक्षा मोठं वाटतं.

पाटणादेवीपुढे हात जोडले की माझ्या मनात आपोआप यादी सुरू होते. मुलाची बदली, नातीचं ॲडमिशन, गुडघे. देवी समोर आहे, म्हणजे मागणं आलंच. महादेवाच्या मोडक्या मंडपात यादी सुरूच होत नाही, कारण घेणारं कोणी दिसत नाही. मेहूणच्या घाटावरही माझं तेच होतं. मागायचं थांबलं की नुसतं बघणं उरतं, आणि तेवढ्यापुरती मी कोणाची आई, आजी, पेन्शनर राहत नाही. निष्काम या गोष्टीबद्दल मी शाळेत भाषणं ठोकली आहेत. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी अठरा रविवार गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती उतरून घेतली, म्हणून आमच्या धुळ्याला तर गीतेचा विशेष अभिमान. पण फळाची आशा सोडण्याचा मला स्वतःला जो काही अनुभव आला तो पोथीत आला नाही, पडक्या देवळात आला, आणि तोही टिकला एसटी येईपर्यंतच.

यावर मीच माझ्याशी भांडते. हे सगळे पोट भरलेल्या माणसाचे चोचले नाहीत का? त्या कुंकवाच्या बाईला देवीकडे काय मागायचं होतं मला ठाऊक नाही; असेल एखादा मुलगा बेकार, असेल कापसाचं कर्ज. मागणं ही तिची गरज होती, आणि मला न मागणं परवडतं. कोथळीलाही लोक मागतातच, नवस बोलतात, फेडतात. त्यांची भक्ती माझ्यापेक्षा कमी प्रतीची असं म्हणण्याचा मला काय अधिकार? शिवाय तिने जे केलं ते मला जमलं नाही. मी त्या झिजलेल्या चेहऱ्याचं शतक ठरवत बसले. तिने त्याला कपाळ दिलं. मागायला पुढे देवी होतीच, इथे तिने मागितलं काहीच नाही, दिलं.

असंच देणं मी घरात बघते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. देवी म्हणजे नारळ. त्याला नथ, डोळे, खण, दागिने. गहू मुठीमुठीने मोजून घ्यायचे, त्याचे रोट, सोबत गंगाफळाची भाजी आणि खीर. रोट भाऊबंदांनीच खायचे, म्हणून सुरत, पुणे, नाशिकची पोरं रजा टाकून येतात. रात्री नारळापुढे गाणी, फुगड्या. घर गच्च भरतं. सोमवारी सकाळी कानबाई डोक्यावरून नदीला निघते. माय आता बोरीपर्यंत चालू शकत नाहीत, दारातूनच निरोप देतात. त्यांनी कानबाईकडे काही मागितलेलं मी ऐकलेलं नाही. येत्या वर्षी ये, एवढंच म्हणतात. मग रिकाम्या चौरंगाखालचे गव्हाचे दाणे वेचायला बसतात. कालपर्यंत इथे देव होता, आज नाही, याचा त्यांना कधी तात्त्विक त्रास झालेला दिसला नाही. जागा देवाची कायमची असावी लागते हा हट्टच त्यांच्याकडे नाही. चौरंग संध्याकाळी पापड वाळवायला गच्चीवर.

परवा मी बळसाण्याचा विषय काढला. साक्री तालुक्यातलं गाव, जुन्या हेमाडपंती देवळांचा समूह, बराचसा पडका. मैत्रिणीची गाडी होती, म्हटलं माय, तुम्हीही चला.

"तठे कोन शे?"

"कोणी नाही. जुनी देवळं आहेत. बाजूला जैनांचं विमलनाथाचं तीर्थ आहे, तिथे दर्शन होईल, बसायला सावलीही आहे."

"मंग ते पह्यले सांग ना," म्हणून त्या नारळ शोधायला उठल्या.