हुरड्यातला छर्रा

पाटोदा तालुक्यात, नायगावच्या मयूर अभयारण्यापासून फार लांब नसलेल्या एका वावरात मालदांडी चिकात आली होती. हे पंधरा-वीस दिवस पाखरं राखली तर ज्वारी घरात, नाहीतर नुसता कडबा. आबा गोफण घेऊन माळ्यावर बसलेले. पुण्याहून नातू आला, तो छऱ्याची बंदूक घेऊन.

"लायसन लागतंय का रं हिला?"

"नाही आबा. साडेचार मिलिमीटरची नळी, जोर वीस जूलच्या आत."

पोराचं खरं होतं. पण बंदुकीला परवाना लागत नाही म्हणून पाखरू मारायची मोकळीक मिळते असं नव्हे; 1972चा वन्यजीव कायदा बहुतेक रानपाखरांच्या पाठीशी आहे. दुकानदार तेवढं सांगत बसत नाही.

नातवाने डबी उघडली. अर्ध्या ग्रॅमचे शिशाचे छर्रे, डमरूसारखे मध्ये बारीक. "हा टोकदार. आरपार जातो. आणि हा चपट्या तोंडाचा, आतच दणका देतो."

तेवढ्यात थवा उतरला. काळ्या डोक्याच्या, गुलाबी अंगाच्या भोरड्या. थंडीला पार मध्य आशियातून येतात. फट्! टोकदार छर्रा लागलेली भोरडी हिसका खाऊन उडाली आणि एक पंख ओढत बांधापलीकडे दिसेनाशी झाली. बाकीच्या दोनशे खातच राहिल्या. दुसरा बार चपट्याचा. एक भोरडी सरीत पडली. शेजारची एक कणीस पुढे सरकली, एवढंच.

आबा उठले. गोफण दोनदा डोक्याभोवती फिरली, वादी फाट्‌कन वाजली, गुंडा सूं करत कणसांवरून गेला आणि अख्खा थवा आभाळात.

"एकही मेली नाही, आबा."

"मला भोरड्या कुठं मारायच्यात? ज्वारी राखायचीय."

नातू इरेला पेटला. दिवस मावळेपर्यंत साठ छर्रे संपले. सरीत चार पाखरं सापडली. बाकीचे छर्रे कुठे गेले, हे काही त्याने मोजलं नाही.

रविवारी हुरड्याला घरची सगळी वावरात जमली. आगटीत गोवऱ्या फुलल्या, कणसं भाजली, आबा तळहातावर चोळून देऊ लागले. धाकट्या नातीने ओंजळ तोंडाशी नेली, तोच आबांनी तिचं मनगट धरलं. हिरव्या दाण्यांत एक करडा दाणा होता. कमरेत बारीक.

आबांनी तो चिमटीत उचलून नातवाच्या तळहातावर ठेवला. अजून ऊन होता.

"टोकदार का चपटा रं?"

नातवाने बोटांत फिरवून पाहिला. टोकदार होता.

तो काही बोलला नाही. बहिणीच्या ओंजळीतला हुरडा त्याने ताटात ओतून घेतला आणि एकेक दाणा बोटाने बाजूला सारू लागला.