खाण, तळं आणि कॅमेरा

पुण्यातल्या वेताळ टेकडीवर रोज फिरणारी मंडळी एकमेकांना 'खाणीपाशी भेटू' असं सांगतात. खाण म्हणजे जुन्या दगडखाणीचा मोठा खड्डा. पावसाळ्यात त्यात पाणी साचतं, भोवती काळ्या कातळाच्या उभ्या भिंती. पोरं तिथे फोटो काढतात आणि ते छान येतात. ती भिंत सुरुंगांनी उभी केली आहे, याच्याशी फोटोला काही देणंघेणं नसतं.

कॅनडाचा छायाचित्रकार एडवर्ड बर्टिन्स्की (जन्म १९५५) अशाच जागा शोधत जगभर हिंडला. व्हरमाँटच्या ग्रॅनाइटच्या खाणी, मकराण्याचा संगमरवर, चितगावच्या किनाऱ्यावर फोडली जाणारी जहाजं. उंचावरची जागा धरायची, मोठ्या फिल्मच्या कॅमेऱ्यानं टिपायचं आणि चित्र भलंथोरलं छापायचं. लांबून ते अमूर्त रंगकाम वाटतं. जवळ गेलं की एखादा ठिपका माणूस निघतो. त्याच्या कामावरचा जेनिफर बाइचवालचा माहितीपट, 'मॅन्युफॅक्चर्ड लँडस्केप्स' (२००६), चीनमधल्या एका कारखान्यात सुरू होतो. कॅमेरा कामाच्या रांगांवरून सरकत राहतो, आपण चुळबुळ करू लागतो, तरी कारखाना संपत नाही.

त्याच्यावरचा आक्षेप ठरलेला आहे: विध्वंस एवढा देखणा कशाला दाखवायचा? मला तो पुरता पटत नाही. देखणेपणाशिवाय खड्ड्याकडे बघतं कोण? वाघोलीच्या दगडखाणींवरून नगर रस्त्यानं आपण किती वेळा गेलो असू, गाडीच्या काचा वर करून. तिथला डबर आपल्या घरांच्या पायात गेला, खडी स्लॅबमध्ये. शहर जेवढं वर चढलं, तेवढा डोंगर कुठेतरी खाली उतरला. वरून टिपलं तर त्या खाणी म्हणजे पुण्याचाच उलटा साचा दिसतील. मात्र घण मारणाऱ्या वडाराच्या छातीत बसलेली धूळ वरून दिसायची नाही, त्यासाठी क्रशरशेजारी उभं राहावं लागेल. खाणमजुरांच्या मुलांसाठी 'संतुलन' संस्थेनं शाळा काढल्या आणि त्यांना नाव दिलं 'पाषाण शाळा'. (आम्हा पुणेकरांना पाषाण म्हटलं की आधी फ्लॅटचे भाव आठवतात.)

पण खाण निदान खाणीसारखी दिसते. मला जास्त छळते ती मुळशी. पूर्वेकडे वाहणाऱ्या मुळेचं पाणी टाटांच्या वीज कंपनीनं अडवलं आणि सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला, कोकणात भिऱ्याच्या वीजघरावर सोडलं. नदीची दिशाच फिरवली, तीही मुख्यतः मुंबईला वीज मिळावी म्हणून. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळे या धरणाविरुद्ध सत्याग्रहाला बसले. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते याच लढ्यात. धरण झालंच. भातखाचरं, देवळं, गावठाणं पाण्याखाली गेली.

आता हे टिपायचं कसं? कितीही उंच जा, ड्रोन उडवा. हाती येतं ते निळं पाणी, हिरवे डोंगर, उतरलेले ढग. बर्टिन्स्कीची सगळी करामत जखम दिसण्यावर उभी आहे. इथे पाण्यानं ती शंभर वर्षांपूर्वीच झाकली, आणि वर आपण रिसॉर्टं बांधली. कारखान्यानं बदललेला पुण्याजवळचा एवढा मोठा मुलूख आपल्याला पावसाळी सहलीची जागा म्हणून माहीत आहे.

माझ्या अल्बममध्येही तिथला एक फोटो आहे. धुकं, पाणी, हातात भाजलेलं कणीस. मागे माझ्याच अक्षरात लिहिलंय: निसर्गाच्या सान्निध्यात.