उठवणाऱ्यापाशी

हे प्रभू येशू, भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातली ती रात्र तुला ठाऊक आहे. 9 जानेवारी 2021, मध्यरात्र उलटून गेलेली. नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात आग लागली, धूर कोंडला. 7 लेकरं बाहेर काढता आली. 10 गेली, काही होरपळून, बाकीची धुरानं गुदमरून.

याईराच्या घरी तू म्हणालास, मुलगी मेली नाही, झोपली आहे. लोक तुला हसले. मला त्यांचा राग येत नाही, प्रभू. मेलेलं माणूस कसं दिसतं ते त्यांनी पाहिलं होतं. तू त्यांना बाहेर काढलंस, तिच्या आईबापांना आत घेतलंस, तिचा हात धरलास. ती उठली, तर तिला खायला द्या म्हणालास. मरणाला झोप म्हणायचा अधिकार तुझाच, कारण उठवणं तुझ्या हातात आहे.

आम्ही मात्र ते फार घाईनं बोलतो. ‘शांत झोपलंय लेकरू’ म्हणत आईचा हंबरडा दाबायला बघतो. आम्हाला तसं करू देऊ नकोस. लाजर झोपला आहे असं तू शिष्यांना सांगितलंस. त्यांना उमगेना, तेव्हा तो मेला आहे हेही स्पष्ट सांगितलंस. त्याला उठवायलाच निघाला होतास, तरी कबरेच्या वाटेवर तू रडलास. पौलानंही थेस्सलनीकाच्या मंडळीला रडायची बंदी केली नाही. आशाच उरली नाही असं रडू नका, एवढंच सांगितलं.

भंडाऱ्यात गेलेल्या त्या लेकरांच्या आया धानाच्या बांध्यांमधल्या गावांत दूध दाटलेल्या छातीनं परतल्या. त्यांतल्या कितीजणींनी तुझं नाव ऐकलं असेल? तरी त्यांची लेकरं तुझीच आहेत. ज्यांचं बारसं व्हायचं राहिलं, त्यांनाही तू ओळखतोस.

प्रभू, पुनरुत्थानाची आशा पुढं करून आम्ही आमच्या जबाबदारीतून निसटू नये. रात्रपाळीच्या परिचारिकांना बळ दे. वायरी आणि यंत्रं तपासणाऱ्यांच्या डोळ्यांवर झापड येऊ देऊ नकोस. लेकरांच्या खोलीत धूर झाला तर दार लगेच उघडेल, एवढी काळजी आमच्या हातून घडव.

आणि त्या दहांना उठवशील तेव्हा याईराच्या घरी केलंस तसंच कर. आधी त्यांच्या आयांना आत बोलाव.

आमेन.