‘बाबा, मला ओळखलेंत का?’

मेंदूला मोठी इजा होऊन रुग्णालयांत पडलेल्या वडिलांच्या खाटेजवळ भेटीच्या वेळीं क्षणभर उभें राहिलें, तर एक प्रश्न हटकून कानीं पडतो. ‘बाबा, मला ओळखलेंत का?’ मुलगा विचारतो, त्याच्यामागून मुलगी विचारते, गांवाहून आलेला चुलता विचारतो. शेजारचे गृहस्थही तोच प्रश्न अंमळ मोठ्यानें विचारतात, जणूं काय इजा कानांनाच झालेली आहे. नांव बरोबर निघालें तर सर्वांचे चेहरे उजळतात. चुकलें तर मुलगी डोळे पुशीत व्हरांड्यांत जाते. या प्रश्नांत प्रेम आहे, हें कोणीही नाकारणार नाहीं. परंतु तो विचारण्याचा आपणांस अधिकार आहे काय, याचा विचार फारसा कोणी केलेला दिसत नाहीं.

डॉक्टरही प्रश्न विचारतात, हें खरें. ग्लासगो येथील टीसडेल व जेनेट या शस्त्रवैद्यांनीं १९७४ सालीं प्रसिद्ध केलेली मोजपट्टी आज जगभर वापरली जाते. डोळे उघडणें, बोलणें आणि हातपाय हालविणें या तीन गोष्टींना गुण देऊन ३ पासून १५ पर्यंत शुद्धीची मोजणी करतात. आपण कोण, कोठें आहों, साल कोणतें, हें नीट सांगणारास बोलण्याचे पुरे गुण मिळतात. परंतु उत्तर चुकलें म्हणून डॉक्टर रुसत नाहीं. तो आंकडा टिपतो आणि पुढच्या खाटेकडे वळतो. मुलाला आंकडा नको असतो. त्याला कांहीं तरी परत हवें असतें.

काय हवें असतें? आपण लहानपणीं कसे होतों, पहिल्या दिवशीं शाळेंत जातांना किती रडलों, याला आईबापांखेरीज बहुधा दुसरा साक्षी नसतो. तो साक्षी गप्प झाला म्हणजे आपल्या पूर्वायुष्याचाच आधार सुटल्यासारखें वाटतें. ‘मी अजून तुमचा मुलगा आहें ना?’ असा त्या प्रश्नाचा खरा अर्थ आहे. आजाऱ्यानें धडधाकटाचें समाधान करावें, अशी ही मागणी आहे.

आणि ती केव्हां? बेशुद्धींतून बाहेर आलेल्या पुष्कळ रोग्यांची अशी एक अवस्था असते कीं डोळे उघडे असतात, बोलणेंही चालतें, परंतु नवीन घडलेलें कांहींच मनांत टिकत नाहीं. कोणाची ती थोड्या दिवसांत सरते, कोणाची आठवडेच्या आठवडे रेंगाळते. सकाळीं मुलगा येऊन गेला हें दुपारीं आठवत नाहीं. नाकांतली नळी उपटण्याची खटपट चालते. एखादे वेळीं तोंडून शिवीही जाते. कपाळामागील भागास मार बसला असेल, तर जन्मभर संयमानें वागलेला मनुष्य चिडखोर होतो, आणि तो दोष त्याच्या शीलाचा नव्हे. अशा मनुष्यापुढें जो तो परीक्षक होऊन उभा राहिला, तर त्याला एवढेंच कळतें कीं आपणांस कांहीं तरी येत नाहीं आणि सगळे नाराज आहेत. म्हणूनच अशा रुग्णांची शुश्रूषा जाणणारे सांगतात कीं विचारूं नका, सांगा. ‘मी तुमचा धाकटा मुलगा, तुम्ही पडलांत, म्हणून दवाखान्यांत आहांत, आज मंगळवार आहे.’ एका वेळीं एकानें बोलावें, थोडें बोलावें, थकवा दिसतांच थांबावें. या साध्या सूचनेंत आम्हांला नीतीचा मोठा भाग दिसतो. सांगणारा आपली ओळख देऊन मोकळा होतो. विचारणारा ती वसूल करूं पाहतो.

ज्याला कांहीं आठवत नाहीं तो तोच मनुष्य कशावरून, अशी शंका येथें तत्त्वज्ञानाचा अभ्यासक काढील. लॉकनें आपल्या ग्रंथाच्या १६९४ च्या दुसऱ्या आवृत्तींत जें प्रकरण नव्यानें घातलें, त्यांत व्यक्तीचें एकत्व तिच्या जाणिवेवर उभें केलें आहे. मागील कृत्यांपर्यंत जाणीव जेथवर पोंचते तेथवर ती व्यक्ति. आम्हीं हें मत वर्षानुवर्षें वर्गांत शिकविलें, आणि वर्गांत तें चांगलें चालतें. कोणत्या कृत्याचा जाब कोणाला विचारावा हें ठरवावयास तें उपयोगीही आहे. परंतु बापपण हें कांहीं एकट्या बापाच्या डोक्यांत सांठविलेलें नसतें. त्याचा अर्धा भाग मुलापाशीं असतो.

अमेरिकेंतील फिनिअस गेजची हकीकत मानसशास्त्राच्या पुस्तकांतून नेहमीं देतात. १८४८ मध्यें व्हरमाँट प्रांतांत रेल्वेच्या कामावर सुरुंग ठासतांना साडेतीन फुटांहून लांब लोखंडी पहार त्याच्या गालाखालून शिरून माथ्यांतून बाहेर पडली, तरी तो वांचला. हा पूर्वीचा गेज राहिला नाहीं असें त्याचे स्नेही म्हणत, ही त्याच्या डॉक्टरची १८६८ मधील नोंद प्रसिद्ध आहे. त्यानें पुढें चिली देशांत कित्येक वर्षें घोड्यांच्या प्रवासी गाड्या हांकल्या, आणि प्रकृति ढांसळल्यावर तो सॅन फ्रान्सिस्कोस आईकडे गेला व १८६० सालीं वारला, हें मात्र क्वचितच सांगतात. स्नेह्यांना पूर्वीचा गेज हवा होता. आईनें दारीं आला त्या गेजला घरांत घेतलें.

रोगी सुधारलाच नाहीं तर? मुंबईच्या केईएम रुग्णालयांतील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ सालच्या अमानुष हल्ल्यांत मेंदूचा प्राणवायु तुटल्यामुळें जवळ जवळ ४२ वर्षें तेथेंच पडून होत्या. २०१५ सालीं त्या वारल्या. त्यांचें अन्न बंद करावें काय, हा प्रश्न २०११ मध्यें सर्वोच्च न्यायालयापुढें आला, तेव्हां त्यांच्या वतीनें बोलण्याचा अधिकार न्यायालयानें त्यांची सेवा करणाऱ्या रुग्णालयांतील मंडळींचा मानला. शेवटच्या काळांतील परिचारिकांपैकीं अनेकींनीं पूर्वीच्या अरुणा पाहिल्याही नव्हत्या. ओळख मिळण्याची आशा नाहीं, मागील ओळखीची पुंजी नाहीं, आणि तरी अंग पुसणें, कूस बदलणें नित्य चालूं राहिलें.

एका घरांत एवढें बळ कोठून यावें, हा आक्षेप रास्त आहे. रुग्णालयांत परिचारिकांची पाळी बदलते, घरांत ती बदलत नाहीं. पगारी माणूस ठेवल्यानें पितृभक्ति उणी होते असें आम्ही मानीत नाहीं. आपल्याकडे तर सेवेचें पुण्य मुलाच्या नांवें जमा होतें, आणि मलमूत्र काढण्याचें काम सुनेच्या वांट्यास येतें. रात्रीं तीन वाजतां चादर बदलणारी तीच असते. सासऱ्यांनीं तिला ओळखलें काय, असें तिला कोणी विचारल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.