सुतनुकेचा डोंगर

रायपुरात नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीपासून स्थायिक झालेली मराठी घराणी आहेत. लेणी म्हटले की त्यांच्याही मनात पहिल्यांदा अजिंठा-वेरूळच येते. वास्तविक त्यांच्याच राज्यात, बिलासपूरहून अंबिकापूरला जाणाऱ्या रस्त्यावर, उदयपूर गावाजवळ रामगढचा डोंगर उभा आहे. त्याच्या कातळात सीताबेंगरा आणि जोगीमारा ही दोन लेणी आहेत. शिलालेखांच्या लिपीवरून त्यांचा काळ इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या-दुसऱ्या शतकात जातो. वेरूळच्या कैलासापेक्षा ती जवळजवळ हजार वर्षांनी जुनी आहेत.

तरीही तिथे जाऊन कित्येक जण हिरमुसले होऊन परततात. हाथीपोल नावाच्या नैसर्गिक बोगद्यातून जाताना वाटणारा थरार वर पोचेपर्यंत ओसरतो, कारण वर चैत्यकमान नाही, नक्षीदार खांब नाहीत. सीताबेंगरा म्हणजे सुमारे ४४ फूट लांब आणि १५ फूट रुंद अशी एक खोली. दारातच माणसाला जेमतेम उभे राहता येते. आत छत आणखी खाली येते.

पण इथे घाई करू नये. भिंतींना लागून दगडातच खोदून काढलेले रुंद ओटे आहेत. दाराशी जमिनीत खोबणी आहेत, पडद्याचे खांब रोवण्यासाठी केल्यासारख्या. बाहेर कातळात अर्धवर्तुळाकार पायऱ्या आहेत. १९०४ मध्ये थिओडोर ब्लॉख या पुरातत्त्वज्ञाने हे सारे तपासले आणि ही प्राचीन नाट्यशाळा असावी, असे मत मांडले. त्याला त्यात ग्रीक प्रभावही दिसला. तो मानण्याची गरज वाटत नाही; नाट्यमंडप पर्वतातल्या गुहेसारखा असावा, असे भरताचे नाट्यशास्त्रच सांगते. नाट्यशाळेचे अनुमान सर्व अभ्यासकांना मान्य नाही, आणि इतक्या ठेंगण्या जागेत नृत्य कसे होणार हा आक्षेपही रास्त आहे. मात्र दारावरचा ब्राह्मी लेख कवींविषयी बोलतो, वसंतातल्या उत्सवाविषयी बोलतो. नाटक झाले असो वा नुसते काव्यवाचन, माणसांनी एकत्र बसून ऐकावे यासाठी ही जागा खोदली, हे मानायला ओटे आणि लेख पुरेसे आहेत.

शेजारचे जोगीमारा याहून लहान, साधारण १० फूट बाय ६ फूट. त्याच्या भिंतीवर काही ओळींचा एक लेख आहे. सुतनुका नावाची देवदासी होती आणि वाराणसीच्या देवदिन्न नावाच्या रूपदक्षाने तिच्यावर प्रेम केले, एवढाच त्याचा मजकूर. भाषा मागधी, र च्या जागी ल आणि स च्या जागी श आणणारी ही बोली शिलालेखांत फारच क्वचित सापडते. रूपदक्ष म्हणजे नेमका कोण, मूर्तिकार, चित्रकार की नाण्यांचा पारखी, यावर विद्वानांचे एकमत नाही.

महाराष्ट्रातल्या लेण्यांतही माणसांची नावे आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहात वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आपले शैलगृह जंबुद्वीपात सर्वोत्तम असल्याचे अभिमानाने सांगतो. तिथेच धेनुकाकटच्या सामी सुताराचे नाव आहे. कोंडाण्याला कान्हाचा शिष्य बलक आपले काम नोंदवून ठेवतो. ही दानाची किंवा कामाची नोंद आहे. रामगढला मात्र दान नाही, पुण्य नाही, राजाचे नावही नाही. एका माणसाला एक बाई आवडली, ही गोष्ट कुणाला तरी कातळावर कोरण्याइतकी मोलाची वाटली. लेण्याचे मोठेपण केवळ खोदून काढलेल्या दगडाच्या मापाने ठरवायचे असेल तर जोगीमारा यादीत कुठेच येणार नाही, आणि तो दोष त्या मापाचा असेल.

जोगीमाराच्या छतावर चित्रे आहेत: लाल रेषांनी आखलेले पट्टे, त्यांत मासे, मगरीसारखे प्राणी, माणसांच्या आकृती. जुन्या रेषांवर नंतर कुणी तरी पुन्हा रंग चढवला आहे, तोही बेताच्या हाताने. १९१४ मध्ये असितकुमार हालदार आणि समरेंद्रनाथ गुप्त यांनी या चित्रांचा अभ्यास केला. भारतातल्या ऐतिहासिक काळातील सर्वांत जुन्या भित्तिचित्रांत यांची गणना होते. आज त्यांतले बरेचसे पुसट झाले आहे.

मेघदूतातला रामगिरी हाच डोंगर, असे इथे मानतात आणि आषाढाच्या पहिल्या दिवशी रामगढ महोत्सव भरतो. नागपूरच्या वा. वि. मिराशींनी तो मान रामटेकला दिला. त्यांचा ताम्रपटांचा पुरावा भक्कम आहे. पण कालिदास दूर गेला म्हणून रामगढचे काही कमी होत नाही. सुतनुका कालिदासाच्या कित्येक शतके आधीची.

खरी काळजी वेगळी आहे. उदयपूरच्या याच परिसरात कोळशाच्या मोठ्या खाणी चालू आहेत आणि सुरुंगांच्या हादऱ्यांनी डोंगराला धोका पोचेल, अशी भीती स्थानिक लोक बोलून दाखवतात. हादऱ्यांची स्वतंत्र मोजणी व्हावी, तिचे आकडे जाहीर व्हावेत, आणि उरलेल्या प्रत्येक चित्राचे व अक्षराचे आजच्या स्थितीत छायाचित्रण व्हावे. रायपूरच्या मराठी मंडळींनीही ही मागणी आपली समजून उचलून धरावी.