माझं काय चुकलं?

कर्जतच्या भिसेगावात असाल किंवा आणखी कुठे, पाठ सरळ ठेवून बसा. तळहात छातीच्या मधल्या हाडावर टेकवा. श्वासाला घाई नको.

या हाडातल्या मज्जेत आत्ता रक्त घडतं आहे. अंगभरच्या मज्जेत मिळून दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी तयार होतात. त्यासाठी आधीच्या पेशी विभागत राहतात, आणि दर विभागणीला आईकडून व वडिलांकडून आलेली, प्रत्येकी सुमारे ३०० कोटी अक्षरांची जनुकसंहिता नव्याने उतरवली जाते.

इतकं लिहिताना अक्षर चुकतंच. बहुतेक चुका पेशी स्वतः दुरुस्त करते. उरलेल्यांतल्या बहुतेक कुणाला बाधत नाहीत. यावर थोडं थांबा.

आता एकच चूक पाहू. क्वचित एखाद्या पेशीत ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. दोन जनुकं जोडली जातात आणि त्यांतून बनलेलं प्रथिन उघड्या राहिलेल्या नळासारखं 'वाढ, वाढ' असा इशारा देत राहतं. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग इथून सुरू होतो. हा बदल वारशाने आलेला नसतो. २००१ पासून वापरात आलेलं इमॅटिनिब हे औषध नेमकं त्याच प्रथिनाला अडवतं.

आणखी एक गोष्ट मनात धरा. जनुक असणं वेगळं, त्याचं प्रथिन बनणं वेगळं. सीडी-१९ प्रथिनाचं जनुक तुमच्या त्वचेच्या पेशीतही आहे, पण ते प्रथिन प्रामुख्याने रक्तातल्या बी-पेशींच्या अंगावर दिसतं. बी-पेशी बिघडून ल्युकेमिया झाला, तरी ही खूण बहुधा टिकते. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी घडवलेला, ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळालेला नेक्सकार-१९ उपचार तीच खूण शोधतो: रुग्णाच्याच, रोगाशी लढणाऱ्या टी-पेशींना ती ओळखायला शिकवतो.

आता ल्युकेमिया झालेल्या लेकराला घेऊन कर्जतहून लोकलने परळच्या टाटा मेमोरियलला जाणारी एखादी आई मनासमोर आणा. 'माझं काय चुकलं?' हा तिचा प्रश्न ऐका. बहुतेक ल्युकेमियांतले बदल जन्मानंतर, किंवा कधी गर्भातच, एका पेशीत आपोआप घडतात. थोड्या घराण्यांत धोका वारशाने येतो, पण तोही कुणी निवडून दिलेला नसतो.

म्हणून तिला भेटाल तेव्हा 'तुमच्या घराण्यात कुणाला होतं का?' असं विचारू नका. पुढच्या खेपेला सोबत कोण आहे, ते विचारा. कुणी नसेल, तर तुम्ही जा.